भोकांसकट नक्कल

रुपचंद गुरुजींनी शाळेच्या जुन्या रजिस्टरच्या दोन नकला केल्या होत्या. एक शाळेत राहायची, एक धुळ्याला शिक्षण कचेरीत जायची. रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, म्हणून गुरुजींनी भोकंही उतरवली होती. लाल पेन्सिलीनं भोकाची कड काढायची, आत काही लिहायचं नाही. मागच्या साली त्यांनी दोन भोकांतली नावं अंदाजानं भरली, तर सबंध नक्कल परत आली होती. वर शेरा : स्वतःच्या मनाने भर घालू नये. यंदा भोकं मोजली. एकशे बारा. तिन्हीकडं सारखी.

शनिवारी शाळा सुटल्यावर जुनं रजिस्टर जाळायचं होतं, नाहीतर वाळवी नकलांना लागली असती. ज्याला दाखला पाहिजे त्यानं आधी यावं, अशी दवंडी दिली होती. एकटा पुना पाटील आला. वहाणा दाराबाहेर काढून टेबलापाशी उभा राहिला.

"कोणाचा दाखला?"

"दाखला नको, गुरुजी. मनी पोर लतानं नाव दखाडा. एकोणसाठ सालमां आकरा दिन साळमां व्हती."

गुरुजींनी एकोणसाठ साल काढलं. नावाच्या रकान्यात अंगठ्याएवढं भोक, त्यापुढं 'पुना पाटील'. शाळा सोडल्याचं कारण : मयत. ते मात्र शाबूत होतं. शाळेची नक्कल उघडून पाहिली. तिथंही लाल कड, आत कोरा कागद.

"तुमचं नाव आहे," गुरुजी म्हणाले. "तिचं वाळवीनं खाल्लं."

"मनं नाव माले पाठ शे." पुनानं वाकून भोकातून पाहिलं. खालच्या पानावरची दुसऱ्याच कोणाच्या पोराची जन्मतारीख दिसत होती. "मी सांगस ना. लता. लिखी ल्या."

"तुम्ही सांगून लिहिलं की ती भर होते. पुन्हा दीड महिना लिहीत बसू का मी?"

"मंग हाई पान माले द्या."

"ते जाळायचंय. दोन पंचांसमक्ष."

एक पंच शिपाई अभिमन होता. दुसरा बाजाराला निघून गेला होता. गुरुजींनी थोडा वेळ दाराकडं पाहिलं, मग पुनाकडं.

रजिस्टर लवकर पेटेना. पानापानांत वाळवीची माती होती. अभिमननं घासलेट ओतलं. पुना हात मागे बांधून, पंचानं उभं राहावं तसा, शेवटचं पान काळं होईपर्यंत उभा राहिला.

आत येऊन गुरुजींनी पंचनामा वाचून दाखवला, 'सदर रजिस्टर एकशे बारा छिद्रांसह आमचे समक्ष जाळले.' अभिमननं सही केली. पुनानं अंगठा दिला.

अभिमननं शाई पुसायला फडकं पुढं केलं. पुनानं ते घेतलं नाही. टेबलावर नक्कल उघडीच होती. त्यानं लाल कड शोधली आणि आत अंगठा टेकवला. बरोबर मावला.

फडकं अभिमनच्या हातातच राहिलं.

मग गुरुजींनी धुळ्याला जायची नक्कल ओढली, एकोणसाठ साल काढलं आणि शाईची गादी पुनापुढं सरकवली.

"हिच्यातही लावा, पुनाभाऊ. दोन्ही सारख्या लागतात."