जागेअभावी

हॉस्पिटलांना दिलेल्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हॅकर शिरले ते एकाच चुकीमुळे. आलेली माहिती मेमरीतल्या ठरलेल्या जागेत मावते का, हे न बघताच आत ओतली जात होती. तो कोड धनलक्ष्मीने लिहिला होता. कोणत्या चुकीचं कारण काय, याचा तक्ता मी भरत होतो. मी ‘निष्काळजीपणा’ लिहिलं की तिची नोकरी गेली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“आधी मावतंय का ते बघायचं, एवढंही कळत नाही? कुणी शिकवलं तुला?” माझा आवाज चढला. अख्खा मजला ऐकत होता.

“गिरीधरअण्णा, स्वल्प थांबा,” म्हणत तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

नव्या लोकांच्या ट्रेनिंगसाठी मीच केलेली स्लाइड होती ती. त्यातला नमुना आणि तिचा कोड अक्षरन् अक्षर सारखा. तिचं बोट स्लाइडच्या तळाशी थांबलं. तिथला टाइप इतका बारीक होता की मला चष्मा लावावा लागला.

‘तपासणीची ओळ जागेअभावी गाळली आहे.’