उपरण्याखालचा भाव

सर्जेरावांनी खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि नातीला आजीच्या शिलाई मशीनचा भाव विचारला. मोनालीने उपरण्याखाली त्यांची बोटं दाबली. आधी घ्यायचा भाव, मग द्यायचा. चेहऱ्यावर काहीच नाही.

"बराबर," सर्जेराव म्हणाले.

"माझी मशीन इकायला काढली का?" गिरिजाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मुंबईच्या कंपनीची मुलाखत तासाभरावर आली होती. शेअर बाजारातल्या ऑप्शन ट्रेडिंगची नोकरी. अनुभव नसला तरी चालेल असं त्यांनी लिहिलं होतं, आणि पहिल्या फेरीतली गणितं मोनालीने सोडवली होती. आता लॅपटॉपवरचा माणूस कशाचाही भाव विचारणार आणि तिने एका दमात दोन आकडे सांगायचे, केवढ्याला घेईन आणि केवढ्याला देईन. तिथेच ती अडखळायची. आकडा तोंडातून निघायच्या आधी भीती डोळ्यांत दिसायची. या नोकरीच्या तयारीसाठी तिने अंबडच्या खतांच्या दुकानातलं बिलं करायचं काम सोडलं होतं. त्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसत होती.

चेहरा कोरा ठेवायला तिच्या आबांनी, सर्जेरावांनीच शिकवलं. तीर्थपुरीच्या बैलबाजारात त्यांनी उभा जन्म दलाली केली. लग्नानंतर गिरिजाबाई पहिल्यांदा बाजाराला गेल्या, तेव्हा हाच माणूस भर उन्हात कुणाचा तरी हात उपरण्याखाली धरून, नुसत्या बोटांनी भाव सांगत उभा होता. भोवतीची माणसं वाकून वाकून त्याचं तोंड वाचत होती आणि कुणालाच काही सापडत नव्हतं. किती देखणा दिसायचा तेव्हा. आता बैलच फारसे उरले नव्हते.

"महिना झाला, दोघं मुक्यावानी बसता," त्या दारात येऊन म्हणाल्या. "मंग हिला बोलायला कधी शिकवणार?"

"बोलायला काय लागतं? ते येतंच की."

मुलाखतीची वेळ झाली तशी मोनालीने आबांना शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असं बसवून घेतलं. त्यांचा हात धरता यावा म्हणून. उपरणं मांडीवर होतंच.

पडद्यावरचा तरुण साहेब हसरा होता. त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. मोनालीने सगळं नीट सांगितलं. मग तो म्हणाला, समजा एक फासा टाकायचा, जितके ठिपके पडतील तितके शंभर रुपये मिळणार. या खेळाचा भाव सांगा, घ्यायचा आणि द्यायचा.

मोनाली शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. पापणीसुद्धा लवली नाही.

त्याने पुन्हा विचारलं. मग कानातला इअरफोन काढून परत घातला.

"मॅडम, माझा आवाज येतोय ना?"

"येतोय, सर."

"मग भाव?"

तिचे ओठ उघडले आणि मिटले. दारात उभ्या गिरिजाबाईंनी पदर मुठीत धरला. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने वेळ दिल्याबद्दल तिचे आभार मानले, निवड झाली तर मेल येईल म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

गिरिजाबाई दारातून आत आल्या.

"घ्यायचा तीनशे चाळीस, द्यायचा तीनशे साठ," सर्जेराव म्हणाले. "त्यानं इचारल्या इचारल्या हिनं सांगितला माह्या हातात. मला वाटलं, आता बोलंल."

गिरिजाबाईंनी नातीकडे पाहिलं. ती काळ्या पडद्यासमोर तशीच बसली होती. त्या तोंडावरून काही वाचता येत नव्हतं. उपरणं मात्र हलत होतं.

"काय करून राह्यली ती?"

सर्जेरावांनी हात काढून घेतला नाही.

"भाव सांगून राह्यली," ते म्हणाले. "तोच."