देवळामागची माती

दुष्काळात पाणी मिळावं म्हणून केजजवळच्या एका गावच्या सोसायटीने महादेवाच्या देवळामागची बुजलेली बारव शोधायला घेतली. शहरातून आलेली संशोधक न खोदता जमिनीखालचं दाखवणारं यंत्र ओढत होती. पडद्यावर पायऱ्या उमटल्या आणि चेअरमन हरखले. एवढ्यात ती थबकली. "इथं हातभर खड्डा दिसतोय. कुणीतरी खणून बुजवलेला." गर्दीतून म्हातारी दानम्मा पुढे आली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडत असताना घरी तिची तान्ही पोर तापाने गेली होती. नवऱ्याने पोरीला देवळामागे पुरलं, पण कुठं ते विचारायचा धीर दानम्माला कधी झाला नाही. "माझी गंगासागर हाय ती," दानम्मा म्हणाली. "मावशी, ही जागा सोडून खांदू आमी," चेअरमन हळूच म्हणाले. दानम्माने खाली बसून तापलेल्या मातीवर तळहात ठेवला. "कामावर संगं न्यायला पायजे व्हतं गं तुला."