नातीची बंदूक

"धक्का कमी देणारी हवी," ऐली म्हणाली. "नात चौदा वर्षांची आहे. पहिल्याच बाराला खांदा धरून बसली, तर पुन्हा बंदुकीला हात लावायची नाही."

क्लेअरन्सने आपल्या बंदुकांच्या दुकानातल्या कपाटातून हलकी टू-फॉर्टी-थ्री रायफल काढली. हरणांचा हंगाम चार दिवसांवर आला होता, पण जेवणाची वेळ असल्याने दुकान रिकामं होतं.

"ही ने. हरणाला पुरते. त्या दांडग्या थर्टी-ओ-सिक्सच्या नादी लागू नकोस. तिची गोळी हरणातून आरपार जाते, पुढे कुठे जाते ते देवाला ठाऊक."

"तू तीच वापरायचास ना?"

"तेव्हा अक्कल कुठे होती! आता गुडघे गेले, शिकारही गेली."

भला माणूस. ऐलीचा नवरा टॉइवो शिकारीत गोळी लागून गेला, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून दर हिवाळ्याआधी तिची लाकडं क्लेअरन्सच फोडून रचायचा. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव, एवढ्यावर खूश.

ऐलीने बंदूक खांद्याला लावली आणि लगेच खाली ठेवली.

"क्लेअरन्स, माझी जुनी थर्टी-थर्टी किती लांब मारते?"

"हरणाला? दीडशे पावलं."

"हरणाचं नाही विचारत."

त्याने खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

"टॉइवो गेला त्या सकाळी मीही एक बार काढला होता. झाडीत काहीतरी तपकिरी हललं. नेम चुकला असं वाटलं. नेम चुकला की आपल्याकडे शर्टाचं टोक कापून भिंतीला ठोकतात. वर्षभर पोरं चिडवतात. म्हणून कुणाला बोललेच नाही. आणि दुपारी त्याला उचलून आणलं. मग बोलायचं तोंडच उरलं नाही."

"ऐली..."

"तो रोज शेगडीपाशी उभा असतो रे. रागावत नाही, बोलत नाही. नुसता बघतो. मला सहन होत नाही."

क्लेअरन्सने चष्मा काढून पुसला.

"तो पडला ती जागा माझ्या मचाणापासून अर्धा मैल, टेकडीच्या पलीकडे," ती म्हणाली. "आरपार गेलेली गोळी काही सापडली नाही. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं? पोचत नाही म्हणालास, तर उद्याच शेरिफकडे जाते आणि चौकशी पुन्हा सुरू करायला लावते. पोचते म्हणालास, तर माझं पाप माझ्याबरोबर मातीत जाईल. पण खरं सांग. माझी समजूत घालू नकोस."

क्लेअरन्सने चष्मा पुन्हा चढवला. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोचते, ऐली."

ती ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"सगळे गोड बोलून वेळ मारून नेतात. तू तेवढा खरं बोललास."

त्याने बंदूक तिच्या गाडीत नेऊन ठेवली, रस्ता निसरडा आहे, सावकाश जा म्हणाला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत थंडीत उभा राहिला. मग आत येऊन त्याने दाराला कडी घातली. थर्टी-थर्टीची गोळी ती टेकडी ओलांडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी टेकडीपलीकडे हरणावर बार काढणारा तो एकटाच होता.