वाघाची जखम

पट्टी सुटली आणि आरतीचं तोंड बारीक झालं. चांगदेवला तेवढ्यावरूनच कळलं. तेवीस दिवस झाले तरी पोटरीवरची जखम होती तिथंच होती. टाके उसवलेले, मधे ओलं, कडा पांढऱ्याफटक.

"काका, जेवता का न्हाई तुमी?" आरतीनं विचारलं. ती आळेफाट्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. कामावर जाता जाता राजुरीत चांगदेवच्या घरी थांबून त्याची पट्टी बदलून द्यायची. "साखर न्हाई, पू न्हाई, गोळ्या चालू हायेत. डॉक्टर म्हणले, माणसानं मनाला काय लावून घेतलं तर मास धरत न्हाई. सोमवारपर्यंत असंच राह्यलं तर पुण्याला न्यायचं. मांडीची कातडी काढून हितं लावत्याल."

"मनाला कशाला काय लागतंय," चांगदेव म्हणाला. "वाघाचं इख असंल."

बिबट्या हा शब्द फॉरेस्टवाल्यांचा. गावात सगळे वाघच म्हणत, आणि वाघाला आडवा गेलेला माणूस गावात एकच होता. बायको मंगल शेतात वाकून घास कापत होती, उसातून वाघ निघाला, चांगदेव मधे पडला आणि वाघानं त्याची पोटरी फाडली. एवढंच त्यानं पहिल्या दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं. पुढचं सगळं भेटायला येणाऱ्यांनी वाढवलं. आता तर त्यानं वाघाचा जबडा धरला होता म्हणे. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मात्र हा पठ्ठ्या ताप आलाय म्हणून भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. वाघाची म्हणून जी इंजेक्शनं दिली, तीही त्यानं निमूट घेतली.

मंगल पायाशी बसून त्याची टाच धरून होती. गोष्ट खोटी आहे, असं ती नवऱ्याला एकदाही म्हणाली नव्हती. खरी आहे, असंही नाही. कुणी विषय काढला की चहा ठेवायला उठायची. आज टाच हातात होती, म्हणून तिला उठता येईना.

दारात मोटारसायकल थांबली. बोरीहून तिचा भाऊ सोपान आला होता. "असू द्या दाजी, हलू नका," म्हणत त्यानं पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढला. टॉवेल चांगदेवच्या खांद्यावर टाकला, टोपी आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर बसवली, नारळ मांडीवर ठेवला. सोपान त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. तरी वाकला आणि त्याच्या धड पायाला हात लावला.

"आमाला येकच भैन," तो म्हणाला. "दुसरा कुनी असता तर पळाला असता, दाजी."

चांगदेवचे कान तापले. त्यानं मंगलकडं पाहिलं. ती जखमेकडं बघत होती. त्याला इतकी लाज वाटली की पुण्याला नेऊन सगळा पायच काढला तर बरं होईल, असं त्याच्या मनात आलं. त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"वाघानं न्हाई फाडलं, सोपानराव. बांधावरच्या तारंनं फाडलं. काटेरी तार. मी पळालो."

आरतीच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"मलाच आधी दिसला. हिच्यापसून धा पावलांवर. ही खाली वाकल्याली, हिला काय ठाव? मी ढुंगणाला पाय लावून पळालो. तारंत पाय अडाकला तरी मागं बगितलं न्हाई. ही इळा घिऊन हुबी राह्यली, तवा तो आपसूक उसात गेला."

सोपाननं नजर फरशीकडं वळवली. मग म्हणाला, "वाघ बगून मानूस पळनारच की." पण हे त्यानं फरशीलाच सांगितलं. चहा नको म्हणाला, मंगलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. टॉवेल-टोपी तिथंच राहिली. दिलेली परत न्यायची पद्धत नाही.

आरतीनं कापूस जखमेला टेकवला तसा चांगदेव कळवळला.

"आज लागतंय व्हय?" ती म्हणाली. "लागू द्या. रोज नुसतं दगडावानी पडून असायचा." तिनं पट्टी बांधली, तारेचं डॉक्टरांना सांगते म्हणाली आणि गाडीला किक मारून निघून गेली.

घरात दोघंच उरली. चांगदेवला मान वर करवेना.

"तुला ठाव व्हतं," तो म्हणाला.

"व्हतं. मी मान वर केली तवा तुमची पाठ दिसली."

"मग येवढं दिस बोलली का न्हाईस?"

मंगलनं त्याची टाच हळूच उशीवर ठेवली.

"पळाला त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "मी बी पळाले असते. तुमाला हाक मारून पळाले असते."