लाखेवरचा अंगठा

रिकामा हातबॉम्ब टपालाने पाठवणे इतके जिकिरीचे असेल, असे मला वाटले नव्हते. बाळदादाने तो युद्ध संपल्यावर ब्रह्मदेशातून आणला होता. गेल्या वर्षी दादा वारला. तेव्हापासून, ‘ते लोखंड घरात आहे तोवर मी परतणार नाही,’ असे सांगून प्रमोदिनीवहिनी तान्ह्याला घेऊन कल्याणला माहेरी राहिल्या होत्या. नागपूरचे एक संग्राहक ती वस्तू ठेवून घ्यायला तयार झाले.

आत दारू नसल्याचा पोलिसांचा दाखला मिळाला, लाकडी पेटी झाली, वर कापड शिवून झाले. तरी नौपाड्याच्या टपालकचेरीतल्या पेंडसे कारकुनांनी पार्सल दोनदा परत केले. लाखेवर माझ्या मोहरेऐवजी दर वेळी अंगठा उमटलेला असे.

“अहो, अंगठे उठवायला ही तलाठ्याची कचेरी आहे का?”

मी वैतागलो होतो, पण भांडणे मला जमत नाही. तिसऱ्या खेपेस मी त्यांच्यासमोरच लाख वितळवली आणि मोहर दाबून उचलली. अक्षरे स्वच्छ उमटली. आता वहिनी घरी येतील, असे मनात आले.

“झाले ना? मग बोट काढा आता,” पेंडसे त्रासून म्हणाले.

माझ्या एका हातात मेणबत्ती होती, दुसऱ्यात मोहर.

मऊ लाख सावकाश दबत गेली. तीत अंगठ्याच्या रेषा उठल्या, आणि मग त्या रेषांना छेदणारा, विळीने कापल्याचा तिरपा वण. लहानपणी दादाच्या त्या जखमेवर हळद मीच दाबून धरली होती.