नख रुतलं

"नखच रुतलंय हो. हिनं खोल कापलं," कालिंदीबाईंनी डॉक्टरीणबाईंना ठासून सांगितलं. तीन दिवस त्या हेच घोकत होत्या, मुलासमोर, शेजारणींसमोर. चार महिन्यांच्या बाळाचा लालबुंद सुजलेला अंगठा हातात धरून सून गप्प बसली होती. ती तोंड उघडत नाही म्हणजे चूक तिचीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं. "नखाच्या कडा तर स्वच्छ आहेत." मग सुजेत बुडालेली एक बारीक रेघ त्यांना दिसली. "केस गुंडाळलाय. फास बसलाय अंगठ्याला. आणखी उशीर झाला असता तर बोट गेलं असतं."

"बघा!" कालिंदीबाई उसळल्या. "कानीकपाळी ओरडतेय, केस बांध, केस बांध! बाळंतिणीचे केस गळतातच. मी एवढी रोज त्याला तेल चोळून न्हाऊ घालते, आणि ही..."

चिमट्यानं एकेक वेढा सुटला. बाळ किंचाळलं, मग हळूहळू निवलं. डॉक्टरीणबाईंनी केस कापसावर ठेवून कालिंदीबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कापसावर त्यांना तो दिसेचना. काळा असता तर लगेच दिसला असता.

त्यांचा हात आपसूक स्वतःच्या सैल अंबाड्याकडे गेला. पुढे सून, मागे भिंत. उठून जायलाही वाट नव्हती.

सुनेनं आपल्या केसांतला आकडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.